मोजला गेलेला हात

घर बायकोच्या नावावर होतं. त्यात प्रेमापेक्षा सोय जास्त होती. घर घ्यायचं ठरलं तेव्हा ड्रायव्हर ट्रक घेऊन कुठंतरी लांब गेला होता, आणि बिल्डर म्हणाला, आज सही झाली नाही तर दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे. मग तिनंच सही केली. परत आल्यावर त्यानं विचारलं, "कसं आहे घर?" ती म्हणाली, "तुमच्या केबिनपेक्षा मोठं आहे. बघा आवडतंय का, नाहीतर मी एकटी राहते."

पुढं सगळा संसार तसाच झाला. तो रस्त्यावर, ती घरात. इमारतीत त्याला ड्रायव्हरकाका म्हणत, पण ओळखत होते ते तिला. पाणी का आलं नाही, जिन्यातला दिवा कुणी काढला, गच्चीची किल्ली कुणाकडं आहे, सगळ्या भानगडी तिच्या दारात. सोसायटीच्या मीटिंगला तीच जायची. तो घरी असला की पलंगावर पडूनच विचारायचा, "झालं का भांडून?" ती म्हणायची, "भांडून नाही, हक्कानं बोलून. तुम्हाला नाही कळायचं. तुम्हाला फक्त हॉर्न वाजवता येतो."

ती आजारी पडली आणि त्यानं गाडी सोडली. तिचा पलंग मागच्या खोलीत, खिडकीला लावून ठेवला. घर तळमजल्यावर. खिडकीबाहेर इमारतीच्या मागची मोकळी पट्टी, पलीकडं कुंपण आणि लहान फाटक. बाजारातून येणारा, कामावर जाणारा प्रत्येक जण त्या फाटकातून यायचा आणि खिडकीपाशी थबकायचा. "काय काकू, कसं काय आज?" ती पडल्या पडल्या सगळ्यांना जाब विचारायची. पोराला मार्क किती पडले, सासूचा गुडघा काय म्हणतो, नळ दुरुस्त करून घेतला का नाही. ड्रायव्हरला म्हणायची, "आता मी केबिनमध्ये आणि तुम्ही क्लीनर. काच पुसा जरा, पुढचं दिसत नाही." तो काच पुसायचा.

ती गेली, आणि ड्रायव्हरला एका जागी बसवेना. खुर्चीत बसला की उठावंसं वाटे. उठला की कुठं जायचं ते कळेना. चहा करायचा, अर्धा प्यायचा, आणि मग कप कुठं ठेवला ते शोधत घरभर हिंडायचं. जेवताना उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा, समोर कुणी आडवं आल्यासारखा. बाहेर पडला की इमारतीला चकरा. पहिल्या मजल्यावरचा टेलर गॅलरीतून ओरडायचा, "काका, डिझेल किती जाळताय? जरा बाजूला लावा की गाडी!"

गाडी बाजूला लागायची ती एकाच ठिकाणी. पलंगाच्या कडेला बसून खिडकीतून फाटकाकडं बघत राहिलं की जीव जरा थाऱ्यावर यायचा. लोक अजूनही तिथं थबकायचे, आत बघायचे, तो दिसला की मान हलवून पुढं जायचे. सवय काही त्याची एकट्याचीच नव्हती.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या घरांची मीटिंग व्हायची. आजारपणात ती जाऊ शकत नव्हती, तेव्हा तिनं त्याला पढवून ठेवलं होतं. "कधी जायची वेळ आली तर ऐका. बोलायचं असेल तर हात वर करायचा, आणि आपलं नाव घेतील तोवर वरच धरायचा. खाली घेतलात की सेक्रेटरी पुढच्या विषयावर पळतो. बारा गावचं पाणी प्यालेला आहे तो." ड्रायव्हर तेव्हा हसला होता. आता त्याला वाटलं, तिची जागा रिकामी दिसायला नको. धुतलेला शर्ट घालून तो मीटिंगला गेला.

मीटिंग जिन्यासमोरच्या व्हरांड्यात खांबांच्या मध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. चेअरमन म्हणजे निवृत्त मास्तर, छडी गेली तरी हात पाठीमागं बांधून उभे राहायची सवय न गेलेले. सेक्रेटरीचं गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान. माणूस तरतरीत. मीटिंगही तो गोळ्या देतो तशीच चालवायचा: पटापट, मोजून, पुढचा कोण.

आधी हजेरी. सेक्रेटरी जुन्या यादीवरून नावं वाचत चालला आणि ओघात तिचं नाव वाचून गेला. वाचल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो खाकरला. सगळ्यांनी खाली बघितलं. ती शांतता ड्रायव्हरला सोसेना. कुणीतरी काहीतरी बोललं पाहिजे असं वाटून तो म्हणाला, "हजर."

सेक्रेटरीनं यादीत खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

मग विषय सुरू झाले. टाकी धुणं, गच्चीचं गळणं. ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं. "हजर" हा शब्द त्याच्या तोंडात खड्यासारखा राहिला होता. मधेच त्याच्या कानावर आलं, "...दुचाकींसाठी पत्र्याची शेड, तळमजल्याच्या मागच्या भिंतीला लागून..." मागची भिंत? कुठली? आपली तर नव्हे? त्यानं विचारायला हात वर केला. शिकवल्याप्रमाणे वर केला आणि वरच धरला.

नेमकं तेव्हाच सेक्रेटरी म्हणाला होता, "मान्य असेल त्यांनी हात वर करा."

त्या इमारतीत विरोधाचे हात मोजायची पद्धतच नव्हती. हात वर तो बाजूनं, हात खाली तो विरुद्ध. सेक्रेटरीनं पेनानं हवेत टिपत हात मोजले. बाकीचे हात खाली गेले. ड्रायव्हरचा वरच होता. "हो हो काका, तुमचा घेतला," सेक्रेटरी म्हणाला. "एका हाताच्या फरकानं मंजूर!"

"मला विचारायचं होतं..." ड्रायव्हर म्हणाला. पण तोवर खुर्च्या सरकायला लागल्या होत्या.

कुठली भिंत ते त्याला महिना संपता संपता कळलं. वेल्डिंगवाला टेप घेऊन आला आणि खडूनं भिंतीवर रेघ ओढत निघाला. खिडकीपाशी आल्यावर थांबेल असं ड्रायव्हरला आतून वाटलं. तो थांबला नाही. रेघ खिडकीच्या काचेवरून पलीकडं गेली.

"अरे, ही खिडकी आहे," ड्रायव्हर आतून म्हणाला.

"हो ना काका. म्हणून तर पत्रा वरच्या अंगानं घेतोय. उघडता येईल तुम्हाला. फक्त उजेड येणार नाही. आणि गाड्या काचेला टेकतील, तेवढं बघा."

ड्रायव्हर तसाच सेक्रेटरीच्या दुकानात गेला. काउंटरवर गर्दी होती. टेलर ॲसिडिटीची गोळी घ्यायला आला होता.

"मागची भिंत म्हणजे माझी खिडकी," ड्रायव्हर म्हणाला.

"काका, खिडकी तुमची, भिंत सोसायटीची. बाहेरचं अंग सगळ्यांच्या मालकीचं असतं. आजी, ही रिकाम्या पोटी, बरं का, रिकाम्या पोटी. आणि काका, तुम्हीच तर हात वर केला होता."

"मी विचारायला केला होता."

"विचारायला एवढा वेळ कोण हात वर धरतं? सगळ्यात उंच हात तुमचा. मला वाटलं, काकांना शेड फारच पसंत पडली."

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," टेलर म्हणाला.

"तू गोळी घे आणि गप्प बस," ड्रायव्हर म्हणाला. "मग मी तक्रार देतो. लिहून देतो."

सेक्रेटरीनं हातातली पट्टी कापली, पाकिटात टाकली, आणि आवाज खाली आणला. "वाईट वाटून घेऊ नका काका. तक्रार सभासदाची घेता येते. सभासद काकू होत्या. घर अजून तुमच्या नावावर झालेलं नाही. नियमानं बघितलं तर तुम्ही सोसायटीचे कुणी नाही. काय करणार? नियम माझ्या घरचे नाहीत. पुढचा कोण?"

ड्रायव्हर बाहेर पडला. घरी गेला, आत न जाता पुढं निघाला, बाजाराच्या टोकापर्यंत गेला, परत फिरला. कुणी नाही. इतकी वर्षं त्या घरात जेवलो, झोपलो, तिला उचलून मोरीपर्यंत नेलं, आणि कुणी नाही. ठेच लागली म्हणून तो थांबला, आणि थांबल्यावर त्याच्या डोक्यात सरळ गोष्ट आली. आपण कुणी नाही, तर मग त्यांनी हात कुणाचा मोजला?

त्याला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, आणि ते रस्त्यात एकट्यालाच आल्यामुळं एक बाई लांबून वळसा घालून गेली.

हे त्याच्या डोक्यात यायला बाजारापर्यंतची चक्कर लागली. सेक्रेटरीच्या डोक्यात दुकान बंद करेपर्यंत आलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळीच तो घरी आला. बरोबर छापील अर्ज आणि ड्रायव्हरसाठी खोकल्याची बाटली, फुकट.

"मला खोकला नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"असू द्या. होईल कधीतरी." तो खुर्चीच्या टोकावर बसला. "काका, काल मी जरा तोडून बोललो. रात्रभर चुटपुट लागली. तुमचं नाव लावून टाकू. लेकीची ना-हरकत घ्या, खाली सही करा. मी कमिटीत मंजूर करून घेतो. फक्त तारीख मागची टाका. काकू गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवसाची."

"मागची कशाला?"

"कागद सुरळीत राहतात."

ड्रायव्हरनं आयुष्यात नाके फार बघितले होते. नाक्यावर ओरडणाऱ्या माणसाची त्याला भीती नव्हती. जो पाठीवरून हात फिरवतो तो खिशाकडं बघत असतो. "ठेव तिथं," तो म्हणाला. "बघतो."

"लवकर बघा. रविवारी मीटिंग आहे. सोमवारी वेल्डिंगवाला येतोय."

दुपारी लेकीचा फोन आला. तिचं सासर दुसऱ्या शहरात. तिला अर्जाचं आधीच कळलं होतं. सेक्रेटरी तिलाही फोन करून मोकळा झाला होता.

"बाबा, करून टाका ना सही. मी ना-हरकत आजच पाठवते."

"मागची तारीख टाक म्हणतोय."

"टाका मग. काय फरक पडतो?"

"फरक असा, की मागच्या तारखेनं मी सभासद झालो तर माझा हात खरा ठरतो. खिडकी जाते."

ती मग म्हणाली, "आणि सहीच केली नाही तर?"

"तर मी कुणी नाही. मग मला बोलू देत नाहीत."

"बाबा, खरं सांगा. हे खिडकीचं आहे का आईचं नाव काढवत नाही म्हणून?" त्यानं टेबलावरचा अर्ज उलटा केला. "मलाही नाही काढवत," ती म्हणाली. "माझ्या फोनमध्ये अजून तुमचा नंबर 'आईचं घर' म्हणून आहे."

"जेवलीस का?" ड्रायव्हर म्हणाला, आणि फोन ठेवला.

लेकीनं बरोबर नाडी धरली होती. बायको गेली हे त्यानं अजून तोंडानं कुणालाच सांगितलं नव्हतं. नातेवाइकांना लेकीनं कळवलं. दाखला जावयानं आणला. दूधवाल्याला त्यानं एवढंच सांगितलं होतं की आता अर्धा लिटर पुरे, आणि दूधवाला काय ते समजला. लोक समजूनच घेत होते, त्यामुळं त्याला बोलायची वेळ आली नव्हती. अर्जावर तर पहिल्याच ओळीत लिहायचं होतं: मयत सभासदाचं नाव.

संध्याकाळी सिस्टर खिडकीपाशी थांबली. ती दुसऱ्या मजल्यावर राहायची, दवाखान्यात नर्स होती. हात लांब करून तिनं काचेवर टिचकी मारली. "काका, तुम्ही शेडला आडवे येणार म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"टेलर. म्हणजे सगळी इमारत." तिनं स्कूटर स्टँडवर लावली. सीट उन्हानं चिरली होती, वर प्लास्टिकची पिशवी बांधली होती. "माझी ड्यूटी कधी सकाळी, कधी दुपारी. दुपारी बसले की भाजते. पावसात चालूच होत नाही. किक मारून मारून पाय दुखतो, आणि तिथं गेल्यावर दिवसभर उभं राहायचं. कमिटीच्या मागं लागून लागून मी हा विषय आणवला. तुमच्याशी वैर म्हणून नाही."

"दुसरीकडं लावा शेड."

"कुठं? फाटकापाशी पाण्याचा टँकर वळतो. पुढच्या बाजूला मास्तरांचं दार. जागा दाखवा, मी आत्ता तिकडं चुना मारते."

त्यानं फाटकापासून जिन्यापर्यंत नजर फिरवली. ती पिशवीची गाठ सोडायला लागली. "काकूंना इंजेक्शन द्यायला मी कधीही आले. हे मी बोलून दाखवत नाहीये."

"बोललीसच की."

"बोलले," ती म्हणाली, आणि ओठ चावून जिन्याकडं गेली.

रविवारपर्यंत त्याचे दिवस असेच गेले. अर्ज टेबलावरून कपाटावर गेला, कपाटावरून परत टेबलावर. एकदा त्यानं पेन हातात घेतलं, टोपण काढलं, आणि टोपण हरवलं म्हणून उठला तो उठलाच. टेलरच्या खोलीत गेला. टेलर मशिनवर होता.

"मीटिंगमध्ये चूक दाखवायची असेल तर कधी दाखवतात?"

टेलरनं पाय थांबवला. "सुरुवातीलाच. मागच्या मीटिंगचं वाचून दाखवतात आणि विचारतात, बरोबर आहे का. तिथं कुणी बोललं नाही की ते पक्कं. काकू नेहमी तिथंच गचांडी धरायच्या. आम्ही जांभया देत असायचो, आणि त्या उठून, 'दुसरी ओळ परत वाचा.' सेक्रेटरीला घाम."

"सभासद नसलेल्यानं बोललं तर?"

"बसवतील खाली." टेलर दोरा दातानं तोडत म्हणाला, "पण काका, खाली बसायला जरा वेळ लागतो माणसाला. तेवढ्यात बोलून घ्यायचं."

रविवारी ड्रायव्हर पहिल्या रांगेत बसला. मग उठून मागच्या रांगेत गेला. मग परत पुढं आला. मास्तर म्हणाले, "बसा हो एका जागी, वर्गात असं चालत नाही." लोक हसले. सेक्रेटरी हसला नाही. तो ड्रायव्हरच्या हाताकडं बघत होता. अर्ज आणलाय का ते बघत होता. हात रिकामे होते.

या वेळी हजेरीत त्यानं तळमजल्याचं नाव गाळलं. मग मागच्या सभेचं वाचायला लागला. नेहमीपेक्षा भरभर. "...शेडचा ठराव बहुमताने मंजूर. बरोबर आहे? कायम करू?"

ड्रायव्हर उभा राहिला. "चूक आहे."

"काका, तुम्हाला बोलता येत नाही. मी सांगितलंय तुम्हाला. अर्ज द्या, मग पुढच्या वेळी..."

"मी शेडबद्दल बोलत नाही. मोजणीबद्दल बोलतोय."

"तेही नाही चालत. बसा."

"बसतोय," ड्रायव्हर म्हणाला, आणि खुर्चीची पाठ धरून उभाच राहिला. "मागच्या वेळी तू एक नाव वाचलंस. मी हजर म्हणालो."

कुणीतरी खुर्ची सरकवली. दुसऱ्या टोकाला सिस्टर बसली होती, दवाखान्याच्या कपड्यात, निघायच्या तयारीनं. ड्रायव्हरनं तोंड उघडलं, परत मिटलं. घाटात मधेच गिअर पडेनासा झाला की गाडी जशी क्षणभर ना पुढं ना मागं राहते, तसा तो राहिला. मास्तरांनी हात पाठीमागून पुढं घेतले.

"ती हजर नव्हती," तो म्हणाला. "ती वारली. सगळ्यांना माहीत आहे, पण मी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगतो. माझी बायको वारली. तिच्या नावाला मी हजर म्हणालो ते खोटं. तिच्या नावावर जो हात मोजला तो माझा, आणि मी इथं कुणी नाही. सेक्रेटरीनंच सांगितलंय मला, दुकानात, चार लोकांसमोर. टेलर होता. तेव्हा तो हात कापा."

"हात कापा?" मागून एक म्हातारे दचकून म्हणाले.

"मोजणीतला हो, मोजणीतला!" टेलर ओरडला. हशा पिकला, आणि लगेच थांबला, कारण ड्रायव्हर अजून उभा होता आणि त्याची मान हलत होती.

सेक्रेटरीचा चेहरा बघण्यासारखा झाला. हो म्हणावं तर ठराव जातो. नाही म्हणावं तर मेलेल्या बाईचा हात मोजला असं लोकांसमोर होतं. त्यानं मास्तरांकडं बघितलं.

मास्तर म्हणाले, "हजेरीतून एक कमी, हातांतूनही एक कमी. किती राहिले?"

"निम्मे," सेक्रेटरी पुटपुटला. "बरोबर निम्मे. चेअरमनचं जादा मत असतं अशा वेळी. तुम्ही द्या."

"मी शाळेत कुणाला ग्रेस दिली नाही, शेडला देणार नाही. ठराव पडला. आणायचा असेल तर पुढच्या महिन्यात परत आणा." मग ते ड्रायव्हरकडं वळले आणि त्यांचा आवाज मास्तरचा राहिला नाही. "बसा आता. बसा हो."

ड्रायव्हर बसला. पुढचे विषय झाले ते त्याला ऐकू आले नाहीत.

मीटिंग सुटल्यावर सेक्रेटरी त्याला खांबाआड गाठून म्हणाला, "जिंकलात काका. पण एका महिन्यापुरतं. पुढच्या वेळी परत निम्मे हात वर होतील, आणि मास्तर काही दरवेळी गप्प बसणार नाहीत. त्यांच्या सुनेनं परवाच स्कूटर घेतलीय." तो डिवचत नव्हता, सांगत होता. "तळमजल्याचं मत लागणार. ते द्यायचं असेल तर सभासद व्हावं लागेल. आजची तारीख टाका, उद्याची टाका, मला आता काही घेणं नाही. पण काकूंचं नाव ठेवून तुम्हाला मत नाही मिळायचं."

म्हणजे खिडकी राहायची तर नाव जायला हवं. हे ड्रायव्हरला मीटिंगच्या आधीही कळत होतं, फक्त त्यानं तिकडं बघितलं नव्हतं.

फाटकापाशी सिस्टर स्कूटरला किक मारत होती. तिसऱ्या किकलाही ती चालू झाली नाही. ड्रायव्हर पुढं झाला, तिनं हात आडवा केला. "राहू द्या."

"मी नाव लावून घेणार आहे," तो म्हणाला. "आणि पुढच्या वेळी हात खाली ठेवणार आहे. तुला मागून कळायला नको म्हणून सांगतो."

"मी वर करणार."

"कर की. तुझा हात तुझा."

ती त्याच्याकडं बघत राहिली. राग होता, पण नुसता राग नव्हता. "काका, मघाशी बोललात ना, तेव्हा मला वाटलं तुम्ही पडणार. पाणी घेऊन उठले होते मी." मग किक मारली, गाडी चालू झाली, आणि ती न हसता निघून गेली.

सोमवारी वेल्डिंगवाला आला नाही. ड्रायव्हरनं ओल्या फडक्यानं काचेवरचा खडू पुसला. भिंतीवरचा तसाच ठेवला, भिंत सोसायटीची. मग टेबलापाशी बसून अर्ज भरला. पहिली ओळ भरायला सगळी सकाळ गेली. दोनदा उठून गॅस बंद आहे का बघून आला. बाकीच्या ओळी चहा निवायच्या आत झाल्या. लेकीची ना-हरकत पोचली होती, ती मागं जोडली.

दुकानात दुपारची सामसूम होती. सेक्रेटरीनं अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, तारीख आजची आहे ते बघितलं. "कमिटीच्या सह्या संध्याकाळी घेतो. यादीत आत्ताच बदलून टाकतो, तुमच्यासमोर." त्यानं कॉम्प्युटर ड्रायव्हरच्या बाजूला वळवला. औषधांच्या हिशोबाखालून त्यानं सोसायटीची यादी काढली. तळमजला. तिचं नाव, मग मधलं नाव ड्रायव्हरचं, मग आडनाव.

"रेघ मारायची नसते का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"आता रेघ कुठं असते काका? नाव बदलतं नुसतं. सोपं आहे. तिचं तेवढं काढायचं, तुमचं मधलं आहे ते आपोआप पुढं येईल. मग मधे तुमच्या वडिलांचं घालायचं. आडनावाला हातच लावायचा नाही."

इतकी वर्षं ते नाव ड्रायव्हरनं पाटीवर, बिलावर, औषधाच्या चिठ्ठ्यांवर बघितलं होतं. आपण तिच्या मागं उभे आहोत, हे त्याला आज दिसलं.

"मी काढू का?" तो म्हणाला.

"काढा की. हे बटण. दाबलं की एकेक अक्षर जातं."

सेक्रेटरीनं ती लुकलुकणारी उभी रेघ नावाच्या सुरुवातीला नेऊन ठेवली. ड्रायव्हरनं बोट टेकवलं. जाड बोट, बटणापेक्षा मोठं. तेवढ्यात काउंटरवर एक माणूस पट्टी मागायला आला आणि सेक्रेटरी तिकडं वळला. ड्रायव्हरनं बटण दाबलं. पहिलं अक्षर गेलं, दुसरं गेलं, आणि मग भराभर जायला लागली. त्याच्यानं बोट उचलवलं नाही.

"अहो काका, सोडा! सोडा!" सेक्रेटरी पट्टी टाकून धावला आणि त्याचं मनगट धरलं. "तिचं कधीच गेलं. तुमचं पण चाललं होतं!"

पडद्यावर फक्त आडनाव उरलं होतं.

"असू द्या, असू द्या," सेक्रेटरी म्हणाला. त्यानं स्टूल पुढं सरकवलं, ड्रायव्हर त्यावर बसला. पट्टीवाला माणूस काही न कळून दोघांकडं बघत होता. "परत घालू. सांगा, पूर्ण नाव सांगा. पहिल्यापासून. तुमचं."

ड्रायव्हरनं सांगितलं. बाहेरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला आणि सेक्रेटरीला ऐकू आलं नाही.

"परत सांगा काका. जरा मोठ्यानं."

त्यानं परत सांगितलं.